चाल आवडली, शब्द बदला

"काकू, बीट किलर आहे यार. फक्त लिरिक्स चेंज करा."

हे अमेय म्हणाला, आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या त्याच्या बेसमेंटमध्ये वार्षिक कार्यक्रमाची मीटिंग होती. मी अकिनीला घेऊन गेले होते. अकिनी माझ्या खालच्या मजल्यावर राहते. नर्स आहे, मूळची नैरोबीची. तिच्या धाकट्या भावाने रचलेलं गाणं तिने नुकतंच म्हणून दाखवलं होतं. पावावर कर बसणार म्हणून तिकडची तरुण पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा अश्रुधुरात हेच गाणं म्हणत नाचली. गाण्यात मंत्र्याचं नाव आहे. भावाला पोलिसांनी उचललं. पाच दिवसांनी सोडलं. तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

अमेय अकिनीकडे बघून हसत होता आणि मराठीत बोलत होता. "फॅमिली क्राउड असतं, काकू. टॅक्स, पोलीस, मंत्री कशाला? पाऊस टाका, प्रेम टाका. हिच्या लोकांना काय, नाचायला निमित्त लागतं. आणि तुमच्याकडे मोर्चे घरचेच. आम्हाला सवय नाही."

तुमच्याकडे. मंडळात माझं आडनाव कळल्यापासून हा शब्द माझ्या वाट्याला येतो. दोघंतिघं हसले. कुणीतरी चिवड्याची वाटी पुढे केली. मी घेतली.

अकिनीने इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हणाले, "त्याला चाल आवडली."

तीस वर्षं मी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. आणि भाषांतर केलं ते हे.

ईशा, कबीर, माझ्या नातवंडांनो, तुमच्या पणजोबांविषयी, म्हणजे माझ्या बाबांविषयी, मी तुम्हाला फार सांगितलेलं नाही. ते जलशात गायचे. म्हणजे वस्त्यावस्त्यांतून गात फिरायचे आणि जातीविरुद्ध लोकांना जागं करायचे. त्यांचं एक गाणं विहिरीवर होतं. आम्हाला पाणी भरू न देणाऱ्या विहिरीवर. मी सहावीत असताना ते शाळेच्या गॅदरिंगसाठी बाईंना म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "गोड आहे गं. शब्द मी देते." त्यांनी कोकिळेवर लिहून दिलं. मी तेच गायले. मला कंपासपेटी मिळाली. बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीचं गाणं त्यांनी घरात पुन्हा म्हटलं नाही.

मला आता ते आठवत नाही. पुष्कळदा प्रयत्न केला. चाल सुरू केली की कोकिळाच येते. बाबांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. त्यांच्याबरोबर गाणारे सगळे गेले. एक आख्खं गाणं माझ्या तोंडून बुजलं, आणि मी त्यासाठी बक्षीस घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकिनीकडे गेले. "काल मी खोटं सांगितलं," म्हणाले, आणि अमेयचा शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. नाचायच्या निमित्ताचाही. ती ड्यूटीवर निघाली होती. बुटाची नाडी बांधत ऐकत राहिली.

"मला अंदाज होता," ती म्हणाली. "तो काय म्हणत असेल ते. पण तुम्ही त्यांच्याच आहात असं वाटलं मला."

अमेयचं बोलणं मला इतकं लागलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला ईमेल केली. शब्द बदलणार नाही. इंग्रजी आणि मराठी अर्थ मी स्टेजवरून वाचेन, मंत्र्याच्या नावासकट. त्याचं लगेच उत्तर आलं: "नो वरीज काकू, नेक्स्ट इयर बघू." पुढे हात जोडल्याचं चित्र. कार्यक्रमाच्या यादीतून आम्हाला काढलं होतं.

दमले आहे मी. या वयात भांडायची हौस नाही, आणि मंडळ सुटलं तर ट्रॉयमध्ये मला मराठी बोलायला फार माणसं उरणार नाहीत. हे मी नीट विचार करून लिहिते आहे.

शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या कॉमन रूममध्ये अकिनी गाणार आहे. मी रोज तिच्याबरोबर बसून एकेक ओळ मराठीत आणते. जिथे शिवी आहे तिथे शिवीच ठेवली आहे. ऐकायला चार जण येतील, कदाचित तेवढेही नाही. मी उभी राहून वाचणार आहे. मंत्र्याचं नाव येईल तिथे आवाज खाली आणणार नाही.