लेहचा फोन

सकाळी वाचनालयाचं दार उघडलं की बाई पिशवी खांद्यावरून न उतरवताच म्हणायच्या, "चला, निघायचं!" नवा सभासद गोंधळायचा. आत्ता तर आल्या, आता कुठे निघाल्या? पण तो त्यांचा कामाला लागण्याचा मंत्र होता.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या पायांना घर माहीत नसतं. बाईंचे वडील पोस्टात होते. दर दोन वर्षांनी बदली व्हायची. त्यामुळे बाईंची शाळा सात गावांत झाली. वसईच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून चिकटल्या त्या मात्र निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. रजा साठवायच्या आणि एकट्याच निघायच्या. कधी आसाम, कधी कच्छ, एकदा थेट व्हिएतनाम. परतल्या की आठवडाभर खूश असत. मग पुन्हा कपाटांमधून येरझाऱ्या सुरू.

"बाई, जरा टेका ना," मी म्हणायचे. मी त्यांची मदतनीस होते.

"टेकल्यावर काय करायचं असतं गं?" त्या खरंच विचारायच्या.

एका जुलैत त्या लडाखला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. त्या आठवड्यात पाऊस हटेना. वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशींचा फोन आला, "पोरी, किल्ली घेऊन ये. पानी उंबऱ्याला लागलंय." वाचनालय वसईतल्याच होळी भागातल्या आमच्या वाडीपासून दहा मिनिटांवर. ओसरेल, म्हणून मी जेवून निघाले. पोचले तेव्हा खालचे दोन कप्पे पाण्यात होते. तिथे मुलांची पुस्तकं होती. मुलांचा हात पोचावा म्हणून बाईंनीच ती खाली लावली होती.

मी लेहला फोन केला. बाई चौथ्या दिवशी आल्या. महिनाभर आम्ही शेजाऱ्यांच्या ओट्यांवर पानं सुकवली. निम्मी पुस्तकं गेलीच. त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाई कुठेही गेल्या नाहीत. सहलींची माहितीपत्रकं यायची, ती न उघडता रद्दीत टाकायच्या. त्यांच्याकडे बघवत नसे. हे आपल्यामुळे झालं, हे मला ठाऊक होतं.

म्हातारपणी भाचीने त्यांना विरारला, चंदनसारला नेलं. अकरावा मजला. गेल्या वर्षी भेटायला गेले तर बाई खिडकी ते दार, दार ते खिडकी चालत होत्या. वय ब्याऐंशी. मी एकदाचं सांगून टाकलं, "बाई, फोन आल्यावर मी लगेच निघाले नव्हते. जेवत बसले."

त्या थांबल्या. "आणि मी? तुझा फोन आल्यावर लगेच निघाले असं वाटतं तुला? दुसऱ्या दिवशी तिथलं डोंगरातलं मोठं तळं बघायला जायची गाडी ठरली होती. मी गेले."

"कसं होतं तळं?"

"पाहिलंच नाही गं. सगळे उतरले. मी गाडीत डोळे मिटून बसले. ड्रायव्हर म्हणाला, 'माँजी, उतरो ना.' पाय उचलेना." मग माझा हात धरून म्हणाल्या, "एवढी वर्षं दोघी गप्प राहिलो. वेड्याच आपण."

ती आमची शेवटची भेट. पावसाळ्याआधी त्या गेल्या.

त्या भेटीच्या दिवशी भाची नको म्हणत असताना त्या मला सोडायला खाली उतरल्या. फाटकापाशी थांबल्या नाहीत, माझ्याबरोबर चालत राहिल्या. रिक्षा नाक्यावर मिळाली. ती वळताना मी मागे पाहिलं. बाई इमारतीकडे परतत नव्हत्या. काठी आपटत, माझ्यासाठी हात वर करून, त्या पुढच्या रस्त्याला लागल्या होत्या.