सतीशच्या चार दुर्बिणी

सतीश गेल्याचं त्याच्या बायकोने, मेधाने, फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. सहा आठवडे झाले, तो काही उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात... तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही शेजारी. पन्नाशीत सतीशला शिकारीचा नाद लागला, तोही ठासणीच्या बंदुकीचा. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, जानेवारीच्या थंडीत हरणाची वाट बघायची आणि एकच बार काढायचा. "एकच चान्स असतो यार, स्कोप बेस्टच पाहिजे," म्हणत त्याने सप्टेंबरमध्ये बंदुकीवर बसवायच्या तीन दुर्बिणी मागवल्या. मागच्या कुंपणावर मराठी कॅलेंडरचं पान चिकटवलं. संध्याकाळी उजेड उतरला की डेकवर ट्रायपॉडला एकेक स्कोप लावून आम्ही तिथीखालची बारीक अक्षरं वाचायचो. बंदुकीचा धक्का मोठा, तर डोळा किती लांब ठेवायचा, अंधारात कोणती काच जास्त उजेड देते... वाद संपायचे नाहीत. असली चिकित्सा दोघांनाही फार प्रिय.

सतीशला तिन्ही स्कोपमधून अक्षरं पुसट दिसायची. मला तिन्हींतून संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळसुद्धा वाचता यायची. तो म्हणायचा, काच फालतू आहे. मी म्हणायचो, तुला फोकस करता येत नाही. चहा घेऊन आलेली मेधा एकदा म्हणाली, "अवीला दिसतंय आणि तुला दिसत नाही, तर डोळे दाखवून ये ना एकदा." आम्ही दोघेही हसलो. "अगं, नंबर मागच्या वर्षीच चेक केलाय," म्हणत त्याने चौथा स्कोप ऑर्डर केला. कोणता घ्यावा, हे मीच सांगितलं.

डोळ्यामागे मेंदूत गाठ होती. सापडली फेब्रुवारीत. पुसट कधीपासून दिसतंय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही सोबत होतो. सतीश म्हणाला, काही आठवडे झाले असतील. "सिन्स सप्टेंबर," मेधा म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

चार काचांचे गुणदोष तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःच्या डोळ्यावर संशय घेणं कमीपणाचं वाटलं, याची मला चीड आहे. आणि स्वतःची त्याहून जास्त. दुर्बिणी चांगल्या आहेत, हे मला दिसत होतं. मग बिघाड कुठे उरतो, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण मला वाद जिंकायचा होता.

गेल्या आठवड्यात मेधाने तो चौथा स्कोप माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. मला घरात नको." घरी येऊन डोळा लावला तर सगळं धूसर. डोळ्याजवळची फोकसची रिंग त्याने पार टोकापर्यंत फिरवलेली होती, पुढे फिरत नाही तिथपर्यंत. मी ती जागची हलवलेली नाही. रोज एकदा डोळा लावतो. काही दिसत नाही, आणि पुन्हा त्याचा राग येतो.