टोपणावरचा स्क्रू

माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणे मला आता कलमांच्या आकड्यांनी आठवतात. एकच प्रकरण असे आहे, जे आजही एका चपट्या रबरी फुग्यामुळे आठवते.

नोकरीची शेवटची वर्षे मी पेण तालुक्यात होतो, त्याआधी रोह्याला. एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच खाडीकाठच्या गावातली एक बाई येऊन उभी राहिली. वय पन्नाशीच्या पुढचे, मिठागरात राबून पायाची कातडी पांढरी पडलेली. मुलगा डोलवीला कंपनीत कंत्राटावर. आठवड्यापूर्वी तो शिफ्टला गेला असताना तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या. उधाणाचे पाणी बांधावरच्या रस्त्यावर चढले होते, म्हणून तिने गावातल्या होडीवाल्याला हाक मारली. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि इंजिनाची ताकद गेली, मग ते बंदच पडले. अर्धा तास होडी नुसती पाण्यावर हेलकावत राहिली. पुढे दवाखान्यात बाळ जन्मले ते मेलेलेच.

“त्यानं पेट्रोलात भेसळ केली, सायेब. माजा नातू त्यानं मारला,” ती म्हणाली. रडली नाही. रडणाऱ्या फिर्यादीपेक्षा न रडणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. तो मागे हटत नाही.

स्टेशन डायरीला नोंद केली, पंचनामा करून होडी आणि इंजिन ताब्यात घेतले, दवाखान्याला कागदपत्रांसाठी पत्र धाडले. त्याच दुपारी कोणीतरी नाव न सांगता फोन केला, की हा होडीवाला पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळतो. झाले! अशी खबर मिळाली की पोलिसाचा अर्धा तपास डोक्यातच पुरा होतो, आणि तिथेच तो फसतो. मीही फसलो.

होडीवाला चाळिशीचा, घुम्या माणूस. गुन्हा अंगाला चिकटला तर तो तुरुंगात जाणार होता आणि गावातली एकुलती एक होडी ठाण्याच्या आवारात कुजणार होती, हे त्यालाही कळत होते.

“रॉकेल घालतोस?”

“नाय.”

“मग बंद का पडलं?”

“इंजिन गरम झाला व्हता, सायेब.”

तीन दिवस हेच. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, चहा पाजला. उत्तरात काना-मात्रेचा फरक नाही. माझे हवालदार म्हणाले, “साहेब, हा पाठ करून आलाय.” ते खरेच होते. फक्त कोणासाठी पाठ केले आहे, हे आम्हाला दोघांनाही सुचले नाही.

शेवटी मी रोह्याहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले. कुंडलिका नदीवरच्या होड्यांची कितीतरी इंजिने त्याच्या हाताखालून गेलेली. सकाळच्या गाडीने तो आला, पिशवीत पाने-पक्कड आणि जेवणाचा डबा. दोन पंच, होडीवाला, मिस्त्री आणि मी असे होडीत बसणार, तोच ती बाई धक्क्यावर हजर.

“तुमी आपसात मिटवून टाकाल. मी पन बसनार,” ती म्हणाली. म्हटले बसा, आणि त्या दिवशी बसला होतात तिथेच बसा. ती पेट्रोलच्या टाकीजवळ जाऊन बसली.

मिस्त्रीने थोडे पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरले. तळाला पाणी नव्हते. मग दोन थेंब तळहातावर चोळले. “रॉकेल असतं तर हात तेलकट राहिला असता. नमुना पाठवा तुम्ही, पण ह्यात काय नाय.” प्लग काढून पाहिला, तोही साफ. इंजिन चालू करून आम्ही अर्धा तास खाडीत फिरलो. एकदाही अडखळले नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून जोरात पडत होती. त्या धारेकडे बोट करून मिस्त्री होडीवाल्याला म्हणाला, “हे मशीन गरम होणारं नाय. त्या दिवशी परत चालू कसा केलास?”

“दोरी वढली,” होडीवाला पाण्याकडे बघत म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्याकडे नीट पाहिले. मग वाकून त्याने टाकीच्या टोपणावरचा एक छोटा स्क्रू पिळून घट्ट केला आणि इंजिन चालू ठेवायला सांगितले. दहा-बारा मिनिटांनी आवाज पडला, होडीचा वेग गेला, इंजिन दोनदा खोकले आणि बंद झाले. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर पेट्रोल चढवायला हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो. तो चिकटून चपटा झाला होता. मिस्त्रीने स्क्रू सैल केला, टाकीत फस्सकन हवा शिरली, फुगा फुगला. दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन चालू.

“पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला पायजे,” मिस्त्री म्हणाला. “वाट बंद केली की गुदमरतं.”

ती बाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

“तो मी पिळला,” ती म्हणाली. “पेट्रोलच्या वासानं पोरीला उमासे येत व्हते. मना वाटला, टोपन सैल हाय.”

मिठागराजवळच्या घरांत खारी हवा पिठालासुद्धा सोडत नाही. डब्याचे झाकण मनगटाचा जोर लावून बसवल्याशिवाय तिथल्या बायकांचा हात निघत नाही. जन्माची सवय ती, तिने विचारसुद्धा केला नसणार.

“काकी, तू गप रव गो,” होडीवाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “सायेब, इंजिन गरम झाला व्हता. तसाच लिवा.”

धक्क्यावर उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतले. “तुला ठाऊक होतं?”

“व्हय. शेवटी टोपनाला हात लावला तं स्क्रू घट्ट. टाकीपाशी तीच बसली व्हती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तिचा नातू गेला, सायेब. वर ह्ये पन तिच्या माथी मारू? माजी काय, होडीच जाईल.”

याच माणसावर मी तीन दिवस टेबल आपटत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात गेलो. आमचे पत्र तिथे तसेच पडून होते, मी स्मरणपत्रही धाडले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी कागद काढले. बाळ पोटातच निदान एक दिवस आधी गेलेले होते. “होडी उडत आली असती तरी फरक पडला नसता,” त्या म्हणाल्या. “बाळाच्या बापाला मी सांगितलं होतं. तो नुसता मान हलवत होता.” त्याच्या कानावर ते पडले असेल, आत पोचले नव्हते.

दोघांनाही ठाण्यात बोलावून मी हे सावकाश, दोनदा सांगितले. बाई तेव्हा पहिल्यांदा रडली, पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “तरी माजा जबाब लिवा. स्क्रू मीच पिळला. नायतर गाव म्हनंल, ह्याची होडी खोटी.” मी तिच्या शब्दांत लिहून घेतले, तिने अंगठा उठवला.

गाडीत बसताना मिस्त्री मला म्हणाला होता, “मशीन बंद पडलं की आधी टोपण बघावं, मग बाकीचं खोलावं.” मी नेमके उलटे केले होते. बाळ कशाने गेले हा पहिला प्रश्न, तो मी शेवटी विचारला, आणि तोवर दोन माणसांनी नसलेला अपराध उरावर वागवला. त्यानंतर मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणात मी आधी दवाखाना गाठला. आणि खोटे बोलणारा समोर आला की हा काय लपवतोय याच्या जोडीला हा कोणाला सांभाळतोय, हेही स्वतःला विचारू लागलो.

कोर्टाच्या हुकमाने होडी परत दिली त्या दिवशी मी धक्क्यावर होतो. ती बाई त्याच होडीतून घरी जायला आली होती. टाकीशेजारी आपल्या जागेवर बसली. होडीवाल्याने दोरीला हात घातला.

“थांब रं,” ती म्हणाली. वाकून तिने तो स्क्रू स्वतःच्या हाताने दोन वळसे सैल केला.

“आता वढ.”