नवव्या मुलाखतीतली सही

माझ्या पीएचडीच्या नवव्या मुलाखतीत एका माणसाचा डोळा गेला. तो माझ्यामुळे गेला, हे मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. त्या घरातली बाई आता दूर माहेरी सुखरूप आहे, म्हणून इथे लिहिते.

विषय वैद्यकीय नीतिशास्त्रातला होता: ऑपरेशनच्या संमतीपत्रावर आपल्याकडे सही कोण करतं. नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, त्यात संशोधन कसलं? घरातला मोठा पुरुष करतो." या उत्तरानं माझं डोकं फिरायचं. पेशंट शुद्धीवर असतो, शेजारी शिकलेली बायको असते, आणि नर्स कागद नाचवत विचारते, "सोबत मोठं कोण आहे?" मग कुणी दीर, कुणी मामा पुढे होतो आणि न वाचता सही ठोकतो. वर्षभर हे बघून मला अशा सगळ्या मोठ्या माणसांचा संताप यायला लागला होता. संशोधकाला संताप असून चालत नाही. मी तो आवडीनं बाळगला होता.

ठाण्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात माझा नववा पेशंट भेटला. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या प्रेसवर कामाला, राहायला दिवा स्टेशनजवळ. उजवा हात मशीनमध्ये चिरडला होता आणि कोपराच्या वर कापावा लागला होता. मी गेले तेव्हा ऑपरेशनला आठवडा झाला होता. उशाशी बायको होती, पायाशी थोरला भाऊ. याला गावाहून त्यानंच आणलेलं, कारखान्यात त्यानंच चिकटवलेलं.

मी पेशंटची परवानगी घेऊन आधी फाइल वाचायचे, मग प्रश्न विचारायचे. फाइलमधला कागद पेशंटला दाखवायचा नाही, हा नियम मीच लिहिला होता.

"ऑपरेशनला संमती कोणी दिली, माहिती आहे का?"

"कोण देणार? मी बेशुद्ध होतो ना. डॉक्टरनी डायरेक्ट केलं."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. दाखल केलं तेव्हा पेशंट अर्धवट शुद्धीत होता, बोलत होता, अशी नोंद मी वाचली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याचा हात गेला आणि वर याला खोटं सांगून गप्प बसवलंय! मी फाइलमधली संमतीपत्राची झेरॉक्स काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "ही सही ओळखता?"

त्यानं बराच वेळ बघितलं. "दादा, तुझी आहे ही."

"हो."

"मला न विचारता?"



त्यानं डाव्या हातानं सलाइनचा स्टँड खेचला. सुई उपसली गेली, चादरीवर रक्ताचे शिंतोडे उडाले आणि स्टँडच्या टोकाचा लोखंडी आकडा भावाच्या डोळ्यात गेला. दुसरा घाव कानावर बसला, तिसरा खांद्यावर. "हात तोडलास माझा, हरामखोरा!" बायको मध्ये पडली तर तिच्या पोटात लाथ बसली. आणि तो भाऊ, दोन हातांचा धडधाकट माणूस, हात खाली सोडून मार खात उभा राहिला. गालावरून रक्त ओघळून शर्टात जात होतं तरी त्यानं स्टँड धरला नाही. चौघांनी पेशंटला पलंगावर दाबलं तेव्हा त्याचे टाके उसवले होते आणि तो गुरासारखा हंबरत होता.

खरं सांगते, पहिल्या घावाला मला बरं वाटलं होतं.

पाय घसरून स्टँडवर पडलो, असं भावानं पोलिसांना सांगितलं. हॉस्पिटललाही तेच सोयीचं होतं. गाइड म्हणाल्या, ती मुलाखत बाद करा. नैतिकता समितीला मी "सहभागी व्यक्ती प्रक्षुब्ध झाली" एवढंच कळवलं, झेरॉक्सचं नाव काढलं नाही. पण मुलाखत बाद करवेना, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात होता. घडलेलं छापायची लेखी परवानगी घ्यायला मी तीन महिन्यांनी दिव्याला गेले.

बायको खाली पाण्याच्या रांगेत होती. हंडा तिथेच टाकून तिनं मला जिन्यात गाठलं.

"काय लिहिणार तुम्ही, ताई?"

"झालं ते. भावानं न विचारता सही केली."

"विचारलेलं. डॉक्टरनी दोनदा विचारलं. हे ओरडत होते, मेलो तरी चालेल, हात तोडायचा नाय. आता यांना त्यातलं काय पण आठवत नाय. भाऊजी सही करायला तयार नव्हते. मी त्यांचे पाय धरले. मला नवरा जिवंत पाहिजे होता. म्हटलं, सही करा आणि माझं नाव कधी काढू नका."

"आणि त्यांनी काढलं नाही?"

"डोळा गेला तरी नाय काढलं. यांना कळलं तर मला ठेवणार नाहीत. आत्ताच एका हातानं एवढं मारतात." तिनं ओढणी बाजूला केली. मानेवर पाच बोटं काळीनिळी उठली होती.

तेवढ्यात तो वरून उतरला. मला बघून त्याला आनंदच झाला. "मॅडम, लिहा! सख्ख्या भावानं हात तोडला म्हणून लिहा. कागद आणलाय ना? या टायमाला सही मीच करणार."

पूर्ण माहिती असल्याशिवाय संमतीला अर्थ नाही, हे मी प्रबंधाच्या पानापानावर लिहिलं होतं. सही नको म्हटलं असतं तर त्यानं कारण विचारलं असतं, आणि बायको तिथेच उभी होती. मी कागद दिला. भिंतीला टेकवून त्यानं डाव्या हातानं आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि मी त्याला थँक्यू म्हणाले.