पांढरी फीत

सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला पुरेशी अक्कल आलेली असते, असं मला सत्तावन्नाव्या वर्षी वाटत होतं. आता पासष्टी ओलांडून त्या बाईकडं मागं वळून बघते, तर तिला कान धरून भिंतीकडं तोंड करून उभं करावंसं वाटतं.

मुलींची लग्नं उरकली आणि मी लॉ कॉलेजात नाव घातलं. सांबऱ्याहून बसनं बेळगावात जायचं, नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसायचं. पास झाले, सनद मिळाली, काळा कोट शिवला आणि तिथंच अडलं. वकिली पुस्तकातून येत नाही, सीनियरच्या मागं उभं राहून येते. साक्षीदाराला काय विचारायचं आणि काय मुळीच विचारायचं नाही, हे बघून बघूनच कळतं. पण मला कुणी ज्युनिअर म्हणून ठेवून घेईना. ज्या ऑफिसात जावं तिथं चहा मिळे. एक जण तर हात जोडून म्हणाले, "काकू, तुम्हाला 'फाईल आण' असं कसं म्हणू? माझी आई तुमच्याहून लहान हाय." वर्षभर नुसता चहा प्याले.

मग कळलं, खानापूरच्या बाजूला जंगलातल्या एका रिसॉर्टवर वकिलांचं दोन दिवसांचं रिट्रीट आहे. नव्या वकिलांना तिथं सीनियर भेटतात. मी लगेच नाव दिलं.

"रिट्रीट म्हणजे काय गं?" ह्यांनी विचारलं.

"वकील गावाबाहेर जातात आणि भांडत न्हाईत."

"मग करतात काय?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून मी कोर्टात जाते तशीच गेले. स्टार्चची पांढरी साडी, हातावर कोट, चष्म्याला दोरी. बेळगावच्या कॅम्प भागातून बस सुटायची होती. बघते तर सगळे टी-शर्टात आणि चपलांत. एक पोरगा मला बघून ताडकन उठला. "मॅडम, पुढं बसा की. लई वर्षं झाली न्हवं प्रॅक्टिसला?"

"झाली की," मी म्हटलं. वर्ष म्हटलं काय आणि वर्षं म्हटलं काय.

रिसॉर्टच्या दारात फिती लावत होते. नव्यांना हिरवी, सीनियरांना पांढरी. लावणाऱ्यानं माझे पिकलेले केस बघितले आणि न विचारता पांढरी लावली. मी मागितली नव्हती. काढलीही नाही.

त्या फितीची गंमत काय सांगू. सीनियरांना फणसाखाली वेताच्या खुर्च्या, नव्यांना सतरंजी. चहा आधी आमच्याकडं यायचा. वर्षभर दारोदार हिंडलेली मी, पाय लांब करून बसले. पोरं येऊन शंका विचारायची. मला तासाभरात कळलं की सीनियरला फार बोलावं लागत नाही. "तसं सरसकट सांगता येत न्हाय, केस बघावी लागते," एवढं एक वाक्य सगळ्या शंकांना पुरतं. एक हिरव्या फितीची पोरगी तर माझ्याजवळच बसून राहिली. सतरंजी सोडून माझ्या खुर्चीशी, आणि मी काय म्हणते ते कान देऊन ऐकायची. मला वाटलं, हिला माणसांची पारख आहे.

दुपारी निपाणीच्या एक वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या. ठेंगण्या, सुती साडी, पायांत पांढरे बूट. जन्मभर बिडी वळणाऱ्या बायकांच्या केसेस लढवलेल्या. एक ठेकेदार साक्षीत म्हणाला होता, ही बाई आमच्याकडं कधी कामालाच नव्हती. बाईंनी त्याला कामाचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "हिच्या पोरीच्या बारशाला तुम्ही गेलता का?" तो म्हणाला, गेलतो. "रिकाम्या हातानं?" त्याला राग आला. "रिकामा कशाला? पातळ नेलतं. आमच्यात कामाच्या सगळ्या बायकांना देतोच की." आणि बाई खाली बसल्या.

सगळे हसले. मी हसले नाही. मला हेच शिकायचं होतं, आणि ह्या बाईंकडूनच.

थोड्या वेळानं त्या स्वतःच माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, "तुम्ही बेळगावच्या न्हवं? माझं एक काम करा. कोर्टाच्या पायऱ्या आता चढवत न्हाईत. हाताखाली एक ज्युनिअर पाहिजे. बाईच पाहिजे, आमच्या बायका तिच्याशी बोलल्या पाहिजेत. वय कितीबी असू दे. ऐकणारी असली म्हंजे झालं. हाय का कुणी तुमच्या बघण्यात?"

मी तोंड उघडलं. समोर बसमधला तो पोरगा उभा होता, आणखी दोघं-तिघं होते. सकाळपासून मी त्यांना केस बघावी लागते म्हणून सांगत आलेली. त्यांच्या देखत 'मीच की' म्हणायचं?

"ही बघा," मी म्हटलं आणि खुर्चीशी बसलेल्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "लई हुशार हाय. मी ओळखते हिला."

सकाळपासून ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी नव्यांची ओळख करून द्यायची होती. आयोजक यादी वाचत गेले, आणि अर्थात माझंही नाव आलं. मी उभी राहिले. लोकांना वाटलं, मॅडम मस्करी करतात. टाळ्या पडल्या. निपाणीच्या बाईंनी टाळी वाजवली नाही.

जेवणानंतर हात धुताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काल मला अहो-जाहो करत होत्या.

"अगं, मग काल का न्हाय बोललीस?"

मी नळ बंद केला, परत सोडला.

"आता त्या पोरीला शब्द दिलाय मी. सोमवारी यायला सांगितलंय. माझं ऑफिस एवढुसं. एक टेबल, माझी एक खुर्ची, तिची एक."

"व्हय," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ थांबल्या. आता वाटतं, त्या वाट बघत होत्या. खुर्ची नको, मी उभी राहीन, एवढंच म्हणायचं होतं. उभं राहायलाच तर आले होते मी. पण मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "पोरगी चांगली हाय."

पुढं मी कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं केली. नावातली चूक, जन्मतारखेतली चूक. लोक आजी म्हणून यायचे, चार पैसे मिळायचे. उलटतपास एकदाही घेतला नाही.

पोरगी मात्र खरंच चांगली निघाली. ते ऑफिस आता तीच चालवते. महत्त्वाची साक्ष असली की मला फोन करते, "मॅडम, या हं. तुमच्यामुळं मी हितं हाय." मी निपाणीला जाते. शेवटच्या बाकावर बसते. निपाणीच्या बाई पोरीच्या आधारानं पायऱ्या चढून पुढच्या बाकावर बसलेल्या असतात. वळून बघतात, मान हलवतात, परत पुढं बघतात. काम संपल्यावर पोरगी विचारते, "कसं झालं?" मी म्हणते, "झकास."

परवाही असंच झालं. परतीच्या बसमध्ये बायकांच्या फुकट प्रवासाचं शून्याचं तिकीट हातात धरून मी खिडकीशी बसले. पोरीनं साक्षीदाराला एक प्रश्न जास्त विचारला होता. मी तो काढून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संकेश्वर मागं पडलं.

"आजी," कंडक्टर म्हणाला, "फोन तर दिसंना. बोलताय कुणाशी?"

"उलटतपास चाललाय रं. मधी बोलू नको."

तो हसत पुढं गेला. साक्षीदारानं कबूल केलं. माझ्या साक्षीदारांचं हे असंच असतं. आजवर एकही मला उलटून बोललेला नाही.