पायरीवरची आरी

बुऱ्हाणपूर स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. इतवारा बाजारातून आणलेली मावा जिलेबी आणि कागदांची प्लास्टिकची फाइल. जिलेबीचा पाक गळायला लागला म्हणून मायनं ती डब्यात घातली. फाइल मात्र बाबांनी स्वतः बॅगेत कपड्यांच्या खाली सरकवली. तिच्यात सगळं होतं, एक कागद सोडून. तो नव्हता म्हणूनच मी इंजिनिअर व्हायला नाही, तर पुण्यात कुठल्यातरी दुकानात काम करत बी.ए. करायला निघाले होते.

गाडी हलली तसे बाबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "बेटा, कोनी पूछलं तं पहिले आडनाव सांगजो. वडगावकर. मंग बाकीचं." दुसऱ्यांचे बाप लेकीला जपून राहा म्हणतात, वेळेवर जेव म्हणतात. माझ्या बापानं मला आडनाव सांभाळायला सांगितलं. राग आला होता मला. रावेर स्टेशन मागे पडलं तरी मी जिलेबीच्या डब्याला हात लावला नव्हता.

ते आडनाव बाबांनी स्वतः घेतलेलं. आमचं मूळ गाव सीमेपलीकडे महाराष्ट्रात, रावेरच्या बाजूला. आजोबा तिथे गावाच्या टोकाला बसून चपला शिवायचे. शाळेच्या रजिस्टरात पाटलाच्या पोरापुढे पाटील लिहिलेलं, आणि बाबांच्या नावापुढे चांभार. किसन नथ्थू चांभार. मास्तरांना आमच्या लोकांसाठी वेगळं आडनाव शोधायची गरज वाटली नसावी. पुढे कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली. अर्ज भरताना हिंदी बोलणाऱ्या बाबूनं विचारलं, "पूरा नाम?" आणि बाबांनी गावाचं नाव लावून टाकलं. ना कुठे नोंद, ना प्रतिज्ञापत्र. बाबूनं लिहून घेतलं आणि आम्ही वडगावकर झालो.

मिलच्या कॉलनीतल्या जुन्या शेजाऱ्यांनो, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं मला माहीत नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात नळ, पुढे तीन पायऱ्या. शेजारच्या मिश्राइनबाई पहिल्यांदा मायच्या हातचा चहा पिऊन गेल्या, त्या दिवशी माय स्टोव्हपाशी बसून रडली होती. मला वाटलं डोळ्यात रॉकेल गेलं.

मी नऊ वर्षांची असताना आजोबा आमच्याकडे राहायला आले. बाबांनी त्यांना बजावलं होतं, कुणी विचारलं तर शेती करतो म्हणून सांगायचं. आजोबांनी चार दिवस केळीची शेती केली, तोंडानं. पाचव्या दिवशी मिश्रांच्या धाकट्या मुलीची चप्पल तुटली आणि ती आमच्या दारात भोकाड पसरून बसली. आजोबांना राहवलं नाही. पिशवीतून आरी काढली, चामड्याला भोक पाडून दोरा ओढायची ती लाकडी मुठीची सुई, आणि पायरीवर बसून त्यांनी दोन मिनिटांत पट्टा शिवून दिला. पोरगी उड्या मारत गेली.

बाबा तेवढ्यात पाळीवरून आले. "हात उगे नाही बसत का तुमचे? सगळी जिंदगी मी कायले घासली?" एवढं म्हणून त्यांनी आजोबांना दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं.  आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेले, ते परत कधी आलेच नाहीत. आरी पायरीवरच राहिली होती. मायनं ती उचलून ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याखाली ठेवली.

बारावीला मला चांगले मार्क पडले. जातीचा दाखला मिळाला तर इंजिनिअरिंग कॉलेजची जागा आणि मुलींचं वसतिगृह, दोन्ही हाताशी होतं. बुऱ्हाणपूरच्या ऑफिसात सांगितलं, तुम्ही मूळचे महाराष्ट्रातले, दाखला तिकडून आणा. तिकडे गेलो तर म्हणाले, मुलगी जन्मली मध्य प्रदेशात, शिकली तिथेच, आणि तुमच्या बापाच्या नावापुढे चांभार, तुमच्या नावापुढे वडगावकर. तुम्ही त्यांचेच कशावरून? साक्षीला म्हणून बाबा गावात चुलतभावाकडे गेले, मी बरोबर होते. काकांनी सही केली. पेन खाली ठेवून म्हणाले, "सही देतो, पोरगी आपली हाये. पन किसन, बापाले पायरीवरून उठवलं तवा आम्ही तुहे कोनीच नव्हतो." तेव्हा आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सहीचा उपयोग झाला नाही. परतीच्या बसमध्ये बाबा रुमाल तोंडाला लावून बसले होते, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. एवढी कठोर मी का झाले, याचं आजही वाईट वाटतं.

पुण्यात मात्र त्याच आडनावानं दार उघडलं. घरमालकीणबाईंनी नाव ऐकलं, म्हणाल्या, "वडगावकर का? मग काही प्रश्नच नाही." जातीचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वर्षभरानं कॉलेजातली रंजना खोली शोधत होती. वरची खोली रिकामी होती म्हणून मीच तिला घेऊन गेले. बाईंनी तिचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाल्या, "अगं, कालच दिली ती खोली." वरच्या दाराला कुलूप तिघींनाही दिसत होतं. रंजना माझ्याकडे बघत होती. मी गप्प बसले. ती गेल्यावर बाईंनी चहा दिला आणि मी तो प्यायले. रंजना, तू हे कुठे वाचलंस तर माफ कर असं मी म्हणणार नाही. मी गप्प बसले, एवढं खरं आहे.

आज मी एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे कागद तपासते. देवाला चेष्टेची हौस आहे. एखादा बाप फाइल छातीशी धरून समोर उभा राहिला की मला फलाट आठवतो.

बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. सामान बांधताना मायनं आरी माझ्या पिशवीत टाकली. मागच्या वर्षी माय गेली आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारापुढे पायऱ्या नाहीत, नुसता उंबरा. परवा माझ्या मुलीच्या सँडलचा पट्टा तुटला. मी आरी काढली, दार उघडं टाकलं आणि उंबऱ्यावर बसले. दोनदा बोटात घुसली.

बाबा मागे येऊन उभे राहिले. आता ओरडणार, असं मला वाटलं. ते गुडघे धरत खाली बसले, माझ्या हातातून आरी घेतली. "उलटी धरली तू. मूठ तळहातात बसली पायजे." सत्तरी ओलांडलेले ते हात सराईतासारखे चालले. बाबांना शिवता येतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

घर कशाला म्हणायचं, हे मला पुण्यानं शिकवलं नाही, बुऱ्हाणपूरनंही नाही. बापाला जिथे उघड्या दारात बसून आपलं काम करता येईल, ते घर, असं मला आता वाटतं. आजोबांना तेवढं मिळालं नाही.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. बाबांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दार लावायला उठले नाही. लिफ्टमधून शेजारच्या बाई उतरल्या, चपला काढून आपल्या घरात गेल्या.  बाबांनी खाली मान घालून पुढचा टाका घातला.