पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग

मावळातल्या एका नगरपालिकेत मी संगणकाचं काम बघतो. गावातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही माझ्याकडेच असतं. तेव्हाचं मशीन जुनं होतं. पंधरा दिवस झाले की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढायचं.

ती आली ती सतराव्या दिवशी. चाळिशीची बाई, मळवलीला एका बंगल्याची देखभाल करणारी. हातात पोलीस ठाण्याचं पत्र. तिच्या वडिलांना विस्मरणाचा आजार होता. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर त्यांना रिक्षा स्टँडच्या बाकावर बसवून ती मेडिकलमध्ये गेली. तिथे गर्दी होती. परत आली तर बाकावर कुणी नव्हतं. पहिले काही दिवस नातेवाइकांकडे शोधण्यात गेले, मग पत्र मिळायला वेळ लागला.

"भाऊ, आबा कुटल्या रस्त्यानं गेलं, तेवढं दिसलं तरी लय झालं," ती म्हणाली.

मी तारीख टाकली. पडदा काळाच राहिला.

"ताई, ते पुसलं गेलंय."

"समदं?"

"सगळं."

तिने पत्राची घडी घातली आणि ती गेली.

आठ महिन्यांनी नवी यंत्रणा मंजूर झाली. आता तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग राहणार होतं. ठेकेदाराचा इंजिनिअर आला. जुन्या डिस्क नष्ट करण्याआधी त्यांची यादी करायची होती, म्हणून मी माझं कपाट रिकामं केलं. मागच्या कोपऱ्यात एक डिस्क निघाली. अडकत चालते म्हणून मीच ती मशीनमधून काढून ठेवली होती. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात ती काढल्याची तारीख होती. म्हातारा हरवल्यानंतर सहाव्या दिवसाची.

म्हणजे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग हिच्यात असणार होतं.

इंजिनिअरने ती आपल्या लॅपटॉपला जोडली. निम्म्या फायली उघडल्याच नाहीत. स्टँडच्या कॅमेऱ्याची उघडली.

टोपी घातलेला एक म्हातारा बाकावर बसलेला होता. तो उठायचा, रस्त्याच्या कडेला जाऊन बघायचा, परत येऊन बसायचा. असं चार वेळा झालं. मग त्याने एका रिक्षावाल्याला काहीतरी विचारलं आणि तो हायवेच्या दिशेने चालत निघाला. चित्रात पुढे अकरा मिनिटं नुसती रहदारी होती. मग ती आली, हातात औषधांची पिशवी. दोन्हीकडे बघितलं आणि स्टेशनच्या दिशेने पळत सुटली.

"सर, आता कशाला सांगता तिला?" इंजिनिअर म्हणाला. "जखम उकरल्यासारखं होईल."

दोन दिवस मीही तेच स्वतःला सांगत होतो. घरी कुसगावला जेवण जाईना. बायकोने विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिच्या वडलांचं आहे ते. तुमचं नाही." तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात कळवलं आणि त्या बाईला फोन केला.

तिने उभ्यानेच बघितलं. संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लावा." मी लावलं. स्वतःला पळताना बघून तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"आबा माजी वाट बघत व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तसंच उठून गेलं."

मग माझ्याकडे वळून, "मी आल्ते तवा हे कुटं व्हतं?"

"इथंच. माझ्या कपाटात. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

तिने पिशवी उचलली, जिना उतरली. मी खिडकीतून बघितलं नाही.

पोलिसांनी हायवेच्या कडेच्या धाब्यांवर विचारलं, शिरगावच्या साईमंदिरातही चौकशी केली. एवढ्या महिन्यांनी कुणाला काय आठवणार? म्हातारा सापडला नाही. नवी यंत्रणा उत्तम चालते. लोक चोरीला गेलेल्या स्कूटरसाठी येतात, आणि बहुतेकांना काही ना काही दिसतं.

मध्यंतरी एका दुपारी तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"भाऊ, आबा बसलं व्हतं तवा त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा व्हता का? मी दिल्ता. उपाशी न्हाई ना गेलं ते?"

चित्र धूसर होतं. हात नीट दिसतच नव्हते.

"होता," मी म्हणालो. "खात होते ते."




"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.